सहावी सीट आमची आहे

मी एक दुर्बीण बोलतेय. जुनी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण 'बिचारी' म्हणू नका. मी जड आहे, काळी आहे आणि माझ्या एका भिंगावर ओरखडा आहे. तरीही आज मी जिथे आहे तिथे हक्काने आहे. इथवर कशी आले, ते कुणाची परवानगी न घेता सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे माझी भिंगं इतकी घासली की मला वाटलं, आता काही उरतच नाही माझं. उरलं ते मात्र लख्ख होतं. मला कातडी पट्टा लावला, खोक्यात घातलं आणि थेट एका बंदरावर पाठवलं. तिथल्या टेहळणीच्या मनोऱ्यात एक माणूस नोकरीला होता. लांबून येणारं जहाज कोणतं, त्यावर निशाण कोणतं, ते बघून खाली कळवायचं, हे त्याचं काम. तो माझा पहिला मालक.

त्याची एक शिस्त होती. मला हातात घेतलं की आधी पट्टा गळ्यात, मग मी डोळ्यांना. कितीही घाई असो, जहाज कितीही जवळ आलेलं असो. एकदा एका नव्या माणसाने मला पट्ट्याशिवाय उचललं तर मालक म्हणाला होता, "ती पडली तर जहाज थांबणार आहे का तुझ्यासाठी? आधी पट्टा!"

त्याची मुलगी शाळेतून मनोऱ्यावर यायची. तिला जहाजांचं काही नव्हतं. ती मला उलट्या बाजूला वळवायची, खाडीपलीकडच्या झाडांकडे. बगळे, घारी, एकदा तर मुंगूस. तिचे वडील ओरडायचे, "अगं, बोट तिकडून येते का?" ती म्हणायची, "बोटी तुम्ही बघा बाबा, मी बाकीचं बघते." नोकरी संपली तेव्हा त्यांनी मला तिच्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, "घे. आता बाकीचं बघ."

ती माझी मालकीण. आजही तीच.

तिचं लग्न झालं आणि मी तिच्या कपड्यांच्या बॅगेतून या घरी आले. मला वाटलं, आता गच्चीवर नेतील, डोंगरावर नेतील. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगांची कदर इथे नाही होणार तर कुठे होणार, असं मी मनात म्हटलं. पण दिवसभर लोकांचे नंबर काढणारा हा माणूस घरी आला की त्याचा एकच शब्द, "बघू." नळ गळतोय? बघू. स्वयंपाकघरातल्या खिडकीचा आकडा तुटलाय? बघू. दुर्बिणीच्या आत बुरशी धरलीय, दुकानात नेऊन साफ करता का? बघू.

तो आकडा कधी लागला नाही. वारा आला की खिडकी धाडकन आपटायची. एके दिवशी कुणीतरी कपाटावरून मला काढलं आणि खिडकी उघडी राहावी म्हणून झडप आणि चौकटीच्या मध्ये ठोकून बसवलं. नेमकं कुणी, ते मी सांगणार नाही. जहाजं ओळखणारी मी, आता खिडकीला टेकू! माझ्या भिंगावरचा ओरखडा तिथलाच, त्या तुटक्या आकड्याचा.

पण एक सांगते. खिडकीत अडकवलं तरी माझी एक बाजू घराकडे होती. मला आत अख्खं घर दिसत होतं. बघणं माझं कामच आहे, ते मी सोडलं नाही.

माझी मालकीण टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करायची. दिवसभर उभं राहून. घरी आल्यावरही उभीच. हे घर जेवायला बसलं की पाच जण खुर्चीत असायचे आणि ती ओट्यापाशी, हातात ताट धरून. "तू बस ना," असं सगळे म्हणायचे. खुर्ची मात्र कुणी सरकवायचं नाही. तिची मुलगी फार कमी बोलायची, म्हणून तिचे काका तिला 'मौनीबाई' म्हणत. पुढे सगळेच तिला मौनी म्हणू लागले. ही मौनी जेवताना आईकडे बघत असायची. मी त्या मुलीला ओळखून होते. आम्ही दोघी एकाच जातीच्या, न बोलता बघणाऱ्या.

यंदा जंगल सफारीची कल्पना निघाली, ती माझ्या मालकिणीच्या डोक्यातून. एका पाकिटावरच्या तिकिटावर तिने वाघाचं चित्र पाहिलं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, "या सुट्टीत अभयारण्यात जाऊया का?"

"या उन्हात?" मौनीची काकू किंचाळलीच. "लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात आणि आपण भट्टीत जायचं?"

"उन्हाळ्यातच जायचं असतं," मालकीण म्हणाली. "पानं गळालेली असतात, झाडीतून लांबचं दिसतं. बारके ओढे आटतात. मग जिथे पाणी उरलेलं असतं तिथे सगळ्यांना यावंच लागतं. हरणांना, गव्यांना, वाघालासुद्धा."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. इतकी वाक्यं ती एका दमात बोलली होती, याचंच नवल. मौनीची आजी, म्हणजे मालकिणीच्या सासूबाई, पहिल्यांदा सावरल्या. "मी येणार. वाघ बघितल्याशिवाय मी काही जात नाही, सांगून ठेवते."

"कुठे जात नाही, आई?" मौनीच्या बाबांनी विचारलं.

"वर!"

ठरलं. बेत सगळा मालकिणीने केला. बुकिंग उघडल्या उघडल्या तिने बसून उघड्या जीपच्या सहा सीट धरल्या. आजी, मौनीचे बाबा, काका, काकू, मौनी आणि ती स्वतः. प्रत्येक सीटला नाव आणि ओळखपत्र द्यावं लागलं. नंतर नाव बदलता येत नाही, हेही तिने सगळ्यांना बजावलं. पहाटेच्या फेरीत वारं लागतं म्हणून जाकिटं, दुपारच्या फेरीत तोंडाला बांधायला ओले रुमाल, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या. काकूने आणलेली गुलाबी टोपी तिने मातकट रंगात बुडवून काढली. "रंग भडक नको आणि अत्तर तर अजिबात नको," ती म्हणाली. काकूने दोन दिवस अबोला धरला.

मी खिडकीतून सगळं ऐकत होते. मी म्हटलं, आता माझी आठवण येणारच. आज नाही तर उद्या हात माझ्याकडे येईल.

हात आला नाही. आली ती लेन्स.

मौनीचे काका हिवाळ्यात एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर जंगलात जाऊन आले होते. तेव्हापासून घरातले वाघतज्ज्ञ तेच. पुरावा म्हणून फोनमध्ये एक फोटो होता. गवत, गवत आणि कोपऱ्यात एक धूसर पट्टा. "शेपटी आहे," ते सांगायचे. आता त्यांनी एका मित्राकडून कॅमेऱ्याची भलीमोठी लेन्स मागून आणली. तिला आणलं तेव्हा जावई आल्यासारखी धावपळ. टेबलावर चादर अंथरली, पंखा तिच्याकडे वळवला. काका म्हणाले, "हात लावायचा नाही कुणी."

लेन्सबाईचा यात काही दोष नव्हता, हे मी मान्य करते. तिला कुठे कुणी विचारलं होतं? पण पुढे काकांनी जे काढलं, ते ऐकून माझ्या आतली बुरशीसुद्धा तापली.

"एक अडचण आहे," काका जेवताना म्हणाले. "ही लेन्स दोन्ही बाजूंना फिरवायची तर शेजारची सीट मोकळी हवी. नाहीतर फोटो हलणार."

"सहा माणसं आहेत रे," मौनीचे बाबा म्हणाले.

"तेच ना, दादा. कुणीतरी एकजण..." काकांनी वाक्य तिथेच सोडलं.

सगळ्यांनी ताटात बघितलं. मग एकेकाला काही काही आठवायला लागलं. काकूला आठवलं की वहिनींना उन्हाने डोकं दुखतं. काकांना आठवलं की बाल्कनीतली झाडं दोन दिवसांत करपतील. कुणाला हे आठवलं नाही की ती सीट जिने धरली ती ओट्यापाशी उभी आहे.

"सीट वहिनींच्या नावावर राहू दे," काका म्हणाले. "माणूस आलं नाही तर गेटवर कोण विचारतंय? तिथे लेन्स ठेवू."

म्हणजे माझ्या मालकिणीच्या नावावर एक नळकांडं जंगल फिरून येणार! तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मौनीच्या बाबांकडे जरा जास्त वेळ. ते म्हणाले, "बघू."

"मी राहते," ती म्हणाली. अगदी 'आमटी अजून वाढू का' विचारावं, त्या आवाजात. मग ती ओट्याकडे वळली आणि धुतलेलीच पातेली पुन्हा धुवायला लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर तिचा चेहरा होता. तो मी बघितला. मौनीनेही बघितला, कारण ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली होती. मला जर तोंड असतं ना, तर त्या दिवशी त्या घरात एकही भांडं जागेवर राहिलं नसतं.

निघायच्या आधीच्या रविवारी, दुपारी, काकांनी रंगीत तालीम ठेवली. हो, सफारीची तालीम! मागच्या वेळी म्हणे जीपमध्ये कुणी शिंकलं आणि वाघ उठून गेला. म्हणून यंदा आधीच सराव करायचा. कुठे बसायचं, कसं वळायचं, गप्प कसं राहायचं.

बाहेरच्या खोलीत जेवणाच्या खुर्च्या दोन-दोनच्या तीन ओळींत लावल्या. पुढे दोन स्टुलं, ड्रायव्हर आणि गाईडची. ड्रायव्हरच्या जागी एक लोड उभा केला.

"ड्रायव्हर भलताच गुबगुबीत आहे," आजी म्हणाल्या आणि पहिल्या ओळीत बसल्या. "आणि धरायला दांडा कुठाय? खड्ड्यात मी उडाले तर?"

"आई, जंगलात बोलायचं नसतं."

"जंगल कुठाय? समोर टीव्ही आहे."

आजींच्या शेजारी मौनी. मधल्या ओळीत तिचे बाबा आणि काकू. मागच्या ओळीत, उशा घालून उंच केलेल्या खुर्च्यांवर, काका आणि त्यांच्या शेजारी लेन्सबाई. खुर्चीत अगदी ऐसपैस, खाली मऊ उशी. माझी मालकीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"वहिनी, एक मदत करा ना," काका म्हणाले. "तुम्ही वाघ व्हा."

"काय?"

"अहो, वाघ. स्वयंपाकघरातून निघायचं, आमच्या समोरून सावकाश जायचं, बेसिनपाशी पाणी प्यायचं, परत फिरायचं. म्हणजे मला लेन्स फिरवून बघता येईल."

तिला एवीतेवी सरबताचे पेले बाहेर न्यायचेच होते. ती तबक घेऊन निघाली. काकांनी लेन्स उचलली, एक डोळा मिटला, कोपर काकूच्या डोक्यावर आपटलं. काकू ओरडली. आजी म्हणाल्या, "हा वाघ बरा आहे, सरबत देतो." सगळे हसले. बाबाही हसले. मालकीण प्रत्येकाच्या हातात पेला देत पुढे गेली. पेले पाच होते. पाचही संपले.

ती परत फिरली, तेवढ्यात मौनीचा आवाज आला. आधी कुणाला कळलंच नाही की ती बोलतेय. तिच्या आवाजाची घराला सवय नव्हती.

"आई, तू कुठे बसणार?"

खोलीत एकदम शांतता. तालमीत आणता आणता येत नव्हती, ती शांतता.

"अगं मौनीबाई," काका म्हणाले, "वाघ कधी जीपमध्ये बसतो का?" आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले. काकूही थोडी हसली. मौनी हसली नाही. तिचे कान लाल झाले होते, मान खाली गेली होती. पण प्रश्न तिने मागे घेतला नाही. हळू, पण पुन्हा विचारला. "तिकीट तिच्या नावाचं आहे. ती कुठे बसणार?"

माझी मालकीण स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, पुन्हा पातेली. पण ती सरळ माझ्याकडे आली. झडपेला एक हात, मला एक हात, आणि खसकन ओढून तिने मला बाहेर काढलं. किती वर्षांनी! माझ्यामागे खिडकी अशी धाडकन आपटली की बाहेरच्या खोलीत आजींच्या हातातलं सरबत हिंदकळलं.

"काय पडलं?" बाबांनी विचारलं.

काही पडलं नव्हतं. काहीतरी उठलं होतं.

तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. कातडी पट्टा कडक झाला होता, कोपऱ्यात तडकला होता. तरी तिने आधी पट्टा गळ्यात घातला. तेव्हाच मी ओळखलं, आता ही मागे फिरत नाही.

ती बाहेर आली. समोरून सावकाश गेली नाही, बेसिनकडे वळली नाही. ती थेट जीपकडे आली. मधल्या ओळीच्या कडेने मागे गेली, लेन्सबाईला दोन्ही हातांनी नीट उचललं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं.

"ही मांडीवर घ्या, भाऊजी."

"वहिनी, तालीम चाललीये!"

"माझीही तीच चाललीये," ती म्हणाली आणि त्या खुर्चीत बसली.

"अहो, पण फोटो हलतील!"

"तुझी मागच्या वेळची शेपटीसुद्धा हललेलीच होती की," आजी पुढून म्हणाल्या. वळल्याही नाहीत.

"तुम्हाला उन्हाने डोकं दुखतं ना?" काकूने शेवटचा प्रयत्न केला.

"दुखतं. जंगलात दुखू दे. इथे काय, ओट्यापाशीही दुखतंच." मग ती मौनीच्या बाबांकडे बघून म्हणाली, "झाडांना पाणी घालायला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तयार आहेत. मी परवाच विचारून ठेवलंय."

परवाच! ऐकलंत ना? 'मी राहते' म्हणून झाल्यावर तिने हे विचारून ठेवलं होतं. मी उगीच तिच्यासाठी संतापत बसले होते. तिचं तिने आतल्या आत कधीच ठरवत आणलं होतं. फक्त घरात कुणीतरी तो प्रश्न विचारायला हवा होता.

बाबांनी तोंड उघडलं. "बघ..." एवढं आलं आणि पुढचं त्यांनी गिळलं. मग म्हणाले, "सीट तुझीच आहे. मीच तेव्हा म्हणायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. आपलं काही चुकलं नाही असं ज्याला ठाऊक असतं, तो माणूस असंच बोलतो, आवाज न चढवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि दुकानात नेलं. गिऱ्हाइकं थांबवून ठेवली. बारीक पेचकसांनी मला उघडलं, आतली बुरशी कापसाने टिपून टिपून काढली, दोन्ही डोळ्यांवर नवं रबर बसवलं. माफी मागायची काही माणसांची हीच रीत असते. मी ती घेतली. पण लगेच विरघळले नाही, हेही सांगून ठेवते.

ओरखडा मात्र गेला नाही. "भिंगच बदलतो," ते रात्री जेवताना म्हणाले.

"राहू दे," मालकीण म्हणाली. ती तेव्हा बसून जेवत होती. खुर्ची बाबांनी सरकवली होती आणि आमटी काका वाढत होते, जरा सांडत.

आता मी कुठे आहे? अभयारण्याच्या गेटपाशी. नुकतं उजाडलंय. आमची जीप रांगेत उभी आहे. पहाटेच्या वाऱ्याने सगळे जाकिटात आखडून बसलेत. काकूची मातकट टोपी आजींनी पळवलीय. काकांच्या मांडीवर लेन्सबाई आहे आणि त्यांना पाय हलवता येत नाहीये. समोर खाकी कपड्यांतला माणूस कागदावरचं एकेक नाव वाचतोय आणि चेहरा ताडून बघतोय. पाच नावं झाली. आता सहावं.

माझ्या मालकिणीने हात वर केला. पूर्ण वर, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा. पुढच्या ओळीतून मौनीने मागे वळून बघितलं.

वाघ दिसेल का, मला ठाऊक नाही. नाही दिसला तरी आम्ही परत जाताना तोंड पाडून जाणार नाही. आटलेल्या ओढ्याकाठचा एखादा बगळा दिसला तरी पुरे. बाकीचं बघायचं असं आमचं ठरलंच होतं, मनोऱ्यावर.

घरी खिडकी आपटू नये म्हणून निघताना मौनीने तिच्यात एक वस्तू अडकवली. लेन्सबाईचं रिकामं खोकं. अगदी फिट बसलं.

जाता जाता तुम्हालाही सांगते. तुमच्या घरी खिडकीत, दारात, कपाटाखाली कुणाला टेकू म्हणून लावलंय, ते एकदा वाकून बघा. आणि सगळे बसलेले असताना कोण उभं आहे, तेही. बघितलं नाहीत तर एक दिवस खिडकी आपटेल. मग दचकू नका.

गेट उघडलं. पट्टा गळ्यात आहे. आता मला डोळ्यांना लावा.